दगडाचा पोत राखून फाइल हलकी

कंधारच्या किल्ल्याचा २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याने काढलेला फोटो साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. संकेतस्थळावर तो १६०० पिक्सेल रुंद ठेवला, तर पिक्सेलची संख्या सुमारे चौदाव्या हिश्शावर येते आणि पाहणाऱ्याला सहसा काही उणे जाणवत नाही. फाइल हलकी करण्यातला सर्वांत मोठा लाभ हाच. तरीही पूर्ण आकाराचा फोटो चढवून पानावर नुसता लहान दाखवण्याची सवय सुटत नाही. त्याचा भुर्दंड मोबाइलवर पाहणाऱ्याच्या डेटाला बसतो.

कॉम्प्रेशनचा विचार यानंतर करावा. १९९२ मध्ये प्रमाणित झालेले जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येकातले बारीक चढउतार ठोकळमानाने नोंदवते. तटबंदीचा काळा बेसॉल्ट हा याचा कठीण नमुना आहे. दगडाच्या पोतात बारकावे खच्चून भरलेले असल्याने फाइल फुगते, आणि क्वालिटी फार उतरवली की पोत चिखलासारखा लिंपला जातो. शिलालेख असेल तर अक्षरांच्या कडाच विरतात. निरभ्र आकाश थोड्या बाइटमध्ये बसते, पण तिथे रंगाचे पट्टे चटकन उमटतात. म्हणून सगळ्या फोटोंना क्वालिटीचा एकच आकडा लावणे चूक आहे. तो आकडा प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या अर्थाचा असतो, हेही विसरू नये. ८० च्या आसपास सुरुवात करून फोटो शंभर टक्के आकारात मूळ फोटोशी ताडून पाहावा.

एकही पिक्सेल न बदलता फाइल घटवायची असेल, तर जेपेगट्रानसारखे साधन आतली सांकेतिक मांडणी आटोपशीर करते. फोटोसोबत फाइलमध्ये नोंदलेली एक्झिफ माहितीही काढता येते. मात्र छायाचित्रकाराचे नाव राखावे. अडोबी आरजीबीतला फोटो आधी एसआरजीबीत बदलावा, नाहीतर फाइलमधले रंगांचे प्रोफाइल गळताच रंग फिके पडतात. किल्ल्याच्या नकाशाला एसव्हीजी किंवा पीएनजीच योग्य. २०१० चे वेबपी आणि २०१९ चे एव्हीआयएफ बहुधा जेपेगपेक्षा लहान फाइल देतात, आणि आजचे प्रमुख ब्राउझर दोन्ही दाखवतात.

जेपेग दर वेळी बदलून पुन्हा साठवले की आणखी थोडे झिजते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेले चित्र तर आधीच कॉम्प्रेस झालेले असते. तेव्हा संकेतस्थळाची प्रत नेहमी मूळ फाइलवरूनच काढावी, आणि मूळ फाइल हाताशी नसेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे.