विश्लेषण : भारताचा सर्वकालीन सर्वोत्तम फुटबॉलपटू कोण? छेत्रीचे ९५ गोल पुरेसे का नाहीत?

कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ६ जून २०२४ रोजी कुवेतविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि सुनील छेत्रीने पाणावलेल्या डोळ्यांनी भारतीय संघाचा निरोप घेतला. वर्ष उलटण्याआधीच, मार्च २०२५ मध्ये, तो वयाच्या चाळिसाव्या वर्षी पुन्हा भारताच्या जर्सीत मैदानात उतरला आणि मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. त्यामुळे जुना वाद नव्याने रंगला. छेत्री हाच भारताचा आजवरचा सर्वोत्तम फुटबॉलपटू आहे की हा मान पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी यांच्या पिढीचा?

छेत्रीच्या बाजूने काय सांगितले जाते?

आकडे. तब्बल ९५ आंतरराष्ट्रीय गोल आणि दीडशेहून अधिक सामने. सर्वाधिक गोल करणाऱ्या पुरुष खेळाडूंच्या यादीत त्याच्या पुढे ख्रिस्तियानो रोनाल्डो, लिओनेल मेसी आणि इराणचे अली दाई एवढेच. २००५ मध्ये क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध पदार्पणातच गोल, २००८ च्या एएफसी चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध हॅट्ट्रिक. या विजयामुळेच भारताला २०११ च्या आशिया चषकाचे दार उघडले. एवढी दीर्घ आणि सातत्यपूर्ण कारकीर्द दुसऱ्या कोणत्याही भारतीय फुटबॉलपटूची नाही.

मग गोलांची बेरीज पुरेशी का नाही?

दोन कारणांमुळे. पहिले, सामन्यांची संख्या. पन्नास-साठच्या दशकांत भारतीय संघ एकत्र यायचा तो प्रामुख्याने ऑलिम्पिक, आशियाई क्रीडा स्पर्धा आणि मर्डेकासारख्या मोजक्या स्पर्धांसाठी. चुनी गोस्वामी यांनी तर १९६४ मध्ये, तिशीही गाठली नसताना आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडले. दीडशे सामने खेळण्याची संधीच त्या पिढीला नव्हती. दुसरे कारण प्रतिस्पर्ध्यांचे. छेत्रीच्या गोलांत नेपाळ, मालदीव यांसारख्या शेजारी संघांविरुद्धच्या गोलांचा वाटा मोठा आहे. त्यात त्याचा दोष नाही. समोर येईल त्या संघाशीच खेळावे लागते. पण तुलना करताना नेपाळविरुद्धचा गोल आणि दक्षिण कोरियाविरुद्धचा गोल एकाच तराजूत कसा तोलणार?

सुवर्णकाळ खरोखरच तेवढा सोनेरी होता का?

इथे जुन्या पिढीच्या चाहत्यांनीही थोडे प्रामाणिक व्हायला हवे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला, हे अभिमानाने सांगितले जाते. मात्र त्या स्पर्धेत केवळ ११ संघ होते आणि हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली होती. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आठच संघ होते. शिवाय ऑलिम्पिक फुटबॉल हौशी खेळाडूंपुरते मर्यादित असल्याने पश्चिम युरोपचे व्यावसायिक खेळाडू त्यात नसत.

पण दुसरी बाजूही आहे. पूर्व युरोपातील संघ हौशी होते ते कागदावरच. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये भारत ज्या हंगेरीकडून १-२ असा हरला, त्या संघात पुढे १९६७ मध्ये युरोपचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेला फ्लोरियन अल्बर्ट होता. याच हंगेरीने त्या स्पर्धेत कांस्यपदक जिंकले. तेव्हाच्या भारतीय संघाची पातळी कळण्यासाठी हा एक निकाल पुरेसा आहे.

बचावपटू आणि गोलरक्षक या चर्चेत का नसतात?

कारण गोल मोजता येतात, अडवलेले गोल कोणी मोजत नाही. जरनैल सिंग यांचे उदाहरण घ्या. जकार्तात थायलंडविरुद्ध त्यांच्या डोक्याला दुखापत झाली आणि टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी या बचावपटूला थेट आघाडीवर खेळवले. जरनैल यांनी उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध गोल केला. गोलरक्षक पीटर थंगराज किंवा गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर यांची नावे तर अशा चर्चांत शेवटी, कोणीतरी आठवण करून दिली तरच येतात.

आघाडीपटू असूनही मुंबईचे नेव्हिल डिसूझा असेच मागे पडले. टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणाऱ्या डिसूझा यांनी मेलबर्नमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक केली आणि भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमधील आशियाई खेळाडूची ती पहिली हॅट्ट्रिक. त्या स्पर्धेतील संयुक्तपणे सर्वाधिक, म्हणजे चार गोल त्यांच्या नावावर होते. क्रिकेटपटूंच्या धावा तोंडपाठ असलेल्या मुंबईत आज किती जणांना हे नाव ठाऊक आहे? छेत्रीचा गोल फोनवर दोन सेकंदांत सापडतो. डिसूझांचा खेळ पाहिलेली माणसे आता फारशी उरलेली नाहीत. जे दिसते तेच श्रेष्ठ ठरते, ही या वादातली खरी अडचण आहे.

मग पहिला क्रमांक कोणाचा?

माझ्या मते पी. के. बॅनर्जी यांचा. निकष एकच : मोठ्या दिवशी, तुल्यबळ किंवा वरचढ प्रतिस्पर्ध्यासमोर कोण उभे राहिले? पीके मेलबर्नच्या संघात होते. रोममध्ये ते कर्णधार होते आणि फ्रान्सविरुद्ध त्यांच्याच गोलने भारताला आघाडी मिळाली. तो सामना १-१ असा सुटला. जकार्तातील अंतिम सामन्यात प्रेक्षक भारतीय संघाविरुद्ध खवळलेले असताना पहिला गोल पीकेंचाच होता. भारताने २-१ असे सुवर्ण जिंकले. त्यानंतर आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला आजवर मिळालेले नाही. तेही मोहन बागान किंवा ईस्ट बंगालचे वलय पाठीशी नसताना. पीके खेळले ते ईस्टर्न रेल्वेकडून.

अर्थात, पीकेंच्या एका बाजूला चुनी होते, दुसऱ्या बाजूला तुलसीदास बलराम, मागे जरनैल. डगआऊटमध्ये रहीम यांच्यासारखा द्रष्टा प्रशिक्षक होता. छेत्रीला, विशेषतः बायचुंग भुतियाच्या निवृत्तीनंतर, असा आधार मिळाला नाही. म्हणूनच सर्वोत्तम खेळाडू पीके असले, तरी सर्वाधिक भार वाहिलेला खेळाडू छेत्रीच. या दोन गोष्टींची गल्लत झाली की वाद भरकटतो.

या वादाचा आज उपयोग काय?

चाळिशीतल्या खेळाडूला निवृत्तीतून परत बोलवावे लागणे हे त्याच्या मोठेपणाचे लक्षण आहे, तसेच मागे कोणी तयार न झाल्याचेही. त्याच्या पुनरागमनानंतरही भारत २०२७ च्या आशिया चषकासाठी पात्र ठरू शकला नाही. १९६२ च्या संघात एक नाही, चार-पाच ‘सर्वोत्तम’ दावेदार होते. आजच्या संघात दुसरे नाव शोधावे लागते.

जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला ५-० ने हरवले, तेव्हा प्रेक्षक होते जेमतेम अडीच हजार. छेत्रीने चित्रफितीतून कळकळीचे आवाहन केले : शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. पुढच्या, त्याच्या शंभराव्या सामन्याला पावसातही मैदान भरले आणि त्याने केनियाविरुद्ध दोन गोल केले. पीके मोठे की छेत्री, यावर जरूर भांडावे. पण भारताच्या पुढच्या सामन्याला, आणि आपल्या गावातल्या मुलांच्या सामन्यालाही, मैदानावर जावे. या यादीत पुढचे नाव कोणाचे, हे तिथेच कळेल.