दया सुईपाशी संपत नाही

दासगणूंच्या 'श्रीगजानन विजय' ग्रंथात गोविंदबुवा टाकळीकरांचा द्वाड घोडा आणि बाळापूरच्या सुकलालांची द्वाड गाय महाराजांपुढे शांत होतात. शेगावात या कथा भक्तिभावाने पारायणात वाचल्या जातात. पण असाध्य दुखण्याने कण्हणारे म्हातारे कुत्रे घेऊन कोणी दवाखान्याची पायरी चढला, की त्याला दोनच वाक्ये ऐकवण्याची आपली रीत आहे : 'जीव घेणारे आपण कोण?' आणि 'कुत्रेच ते, दुसरे आणा.' एक वाक्य पापभीरू, दुसरे व्यवहारी. निष्ठुरता मात्र एकच.

पहिल्याचे उत्तर जुने आहे. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात वेदनेने तळमळणाऱ्या, वाचण्याची आशा नसलेल्या वासराला गांधीजींनी डॉक्टरकरवी सुई देवविली. देशभर काहूर उठले. अहिंसेच्या त्या उपासकाने निर्णय लपवला नाही. लेख लिहून त्याचे जाहीर समर्थन केले. जिथे उपाय उरत नाही, तिथे यातना लांबवणे म्हणजे धर्म नव्हे.

दुसऱ्या वाक्याचा समाचार अधिक कठोरपणे घ्यावा लागेल. भटक्या कुत्र्यांसंबंधीच्या २००१ च्या केंद्रीय नियमांत, असाध्य कुत्र्याला मरण देताना दुसरे कुत्रे समोर असू नये, अशी तरतूद होती. भटक्या कुत्र्याला धनी नसतो, तरी तेथे दुसऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांचा विचार झाला. पाळलेल्या कुत्र्याजवळ तर धनी उभा असतो. त्याच्या डोळ्यांचा विचार कोणी करायचा?

वैद्यानेच. आधी गुंगीचे औषध, मग भुलीच्या औषधाची प्राणांतिक मात्रा. डोळे उघडेच राहतील, नंतरही एखादा उसासा येईल, स्नायू थरथरतील, मूत्र सुटेल, पण ती वेदना नव्हे, हे आधी सांगितले नाही तर धनी जन्मभर 'ते जिवंत होते की काय' या शंकेने पोळत राहतो. थांबायचे की बाहेर बसायचे, हे त्याला ठरवू द्यावे. पैशांची बोलणी आधीच उरकावीत. आणि 'झोपवले' हा उसना शब्द मुलांपुढे तरी टाळावा. निजण्याचीच भीती बसायची. मराठीत 'मरण' हा शब्द आहे, तो पुरेसा आहे.

'रांगेत बैल, म्हशी, शेळ्या उभ्या, वेळ कुठला?' हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण वर सांगितलेल्या गोष्टींना पाच मिनिटे लागतात, निधी लागत नाही. शेजारी अकोल्यात पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. सुई कशी द्यावी याइतकेच, सुईनंतर काय बोलावे हेही अशा संस्थांनी शिकवले पाहिजे.

बैल गेला तर शेतकरी रडतो, हे आपल्याला समजते. कुत्रे गेल्यावर रडणाऱ्याला मात्र आपण लाजवतो. शोक जनावराच्या किमतीवर मोजणाऱ्यांनी भूतदयेची पारायणे जरा जपून करावीत.