विझलेल्या कंदिलांची व्यवस्था

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी बराकींत जे सिंधी निर्वासित उतरले आणि ज्यांच्या छावणीचे पुढे १९४९ साली उल्हासनगर झाले, त्यांना निकामी मोबाइलचे काय करावे, हा प्रश्न ठाऊक नव्हता. केनियातील काकुमा किंवा बांगलादेशातील कॉक्स बाजार येथील निर्वासितांना मात्र, सौरकंदील व मोबाइल जीवनावश्यक झाल्यामुळे, तो रोज पडतो.

तोच प्रश्न इथेही आहे. आमच्या मीरा-भाईंदरात, जिथला कचरा उत्तनच्या डोंगरावर जातो, परवाच एका भंगाराच्या गाळ्यामागे दहाबारा वर्षांचा मुलगा वायरींचा गुंता पेटवून, तोंडावर येणारा काळा धूर चुकवीत, आतली तांब्याची तार विटेवर ठोकून सरळ करताना दिसला, आणि मन विषण्ण झाले. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर टाकली खरी, परंतु त्या गाळ्यामागे त्यांचा अंमल पोचलेला नाही. भंगारवाल्यास हुसकावणे हा उपाय नव्हे. त्याला अधिकृत पुनर्वापर केंद्राकडून रास्त भाव मिळाला पाहिजे. छावण्यांतही, ज्यांनी कंदील वाटले त्यांनीच ते विझल्यावर मोल देऊन परत घ्यावेत, आणि फुगलेली बॅटरी मुलांच्या हाती लागण्यापूर्वी कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवावी.