स्वयंपूर्ण घर आणि त्याचा खड्डा

मुळशी, कर्जत, माणगांव, दापोली या बाजूंस गेल्या कांहीं वर्षांत एका नव्या प्रकारचीं घरें उभीं राहूं लागलीं आहेत. घरधनी बहुधा पुण्यामुंबईचा सुशिक्षित गृहस्थ. डोंगराच्या कुशींत अर्धा-एक एकर जमीन. छपरावर सौरपट्ट्या, अंगणांत पाण्याची टाकी. आणि मुखीं एकच वाक्य, ‘आम्ही सरकारच्या तारेचे मिंधे नाहीं, आणि नगरपालिकेच्या नळाचेहि नाहीं!’ या गृहस्थांचे अनुभव हल्लीं जिकडे तिकडे वाचावयास मिळतात, आणि त्यांस ‘स्वयंपूर्ण जीवन’ असें भारदस्त नांव दिलेलें असतें. शहर सोडण्याविषयीं आमची तक्रार नाहीं. आमची तक्रार त्या विशेषणाविषयीं आहे.

प्रथम पाण्याचा हिशेब पाहूं. शंभर चौरस मीटरच्या छपरावर कोंकणांत वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर तें पाणी 3 लक्ष लिटर होतें. आंकडा ऐकून मन हरखतें. परंतु हें सारें पाणी चार महिन्यांत येतें, आणि तहान बारा महिने लागते. चार माणसांचें कुटुंब माणशीं पन्नास लिटरांवर भागवील असें धरलें, तरी कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंतच्या सव्वादोनशें दिवसांस 45 हजार लिटर सांठवण लागते. म्हणजे बाजारांत मिळणाऱ्या हजार लिटरच्या पंचेचाळीस टाक्या. अशी सांठवण असलेलीं घरें आम्हीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच पाहिलीं. बाकीच्या ठिकाणीं फाल्गुन सरतांच टँकर येतो, आणि त्याचा उल्लेख मात्र लेखांत येत नाहीं.

विजेचें थोडक्यांत सांगतों. आषाढ-श्रावणांत आठआठ दिवस सूर्यदर्शन होत नाहीं, तेव्हां बॅटरी अर्ध्याच्याहि खालीं ओढली जाते आणि तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. शिसें-आम्लाची साधी बॅटरी चार-पांच वर्षांत संपते. मग ती जाते कोठें? भंगारवाल्याकडे, आणि त्याच्याकडून पुष्कळदां एखाद्या उघड्या भट्टीकडे, जेथील शिशाची धूळ आसपासच्या पोरांच्या मेंदूस अपाय करते. 2022 च्या नियमांनीं जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु ती पेठेपर्यंत गाडींत घालून नेण्याची तसदी मालकासच घेतली पाहिजे ना? चुलीची गोष्टहि तशीच. गोबरगॅस करूं म्हणतात. पण दोन घनमीटरच्या साध्या संयंत्रास रोज सुमारें पन्नास किलो शेण, म्हणजे चार-पांच गुरें हवींत. शनिवारीं येऊन रविवारीं जाणाऱ्यानें गुरें पाळावयाचीं कशीं? म्हणून स्वयंपूर्ण घराच्या स्वयंपाकघरांत गॅसचा सिलिंडर असतो.

येथें आम्हांस कोणी अडवील आणि विचारील कीं, शहरांत राहून तुम्ही असे कोणते पुण्यवान? प्रश्न रास्त आहे. तानसा, वैतरणा, भातसा या शहापुराकडच्या जलाशयांचें पाणी मुंबई पिते, आणि त्याच शहापूर तालुक्यांतील पाडे वैशाखांत टँकरची वाट पाहत बसतात. मुंबईचा कचरा 1927 पासून देवनारास जाऊन पडत आला. पुण्याच्या कचऱ्याची घाण उरुळी आणि फुरसुंगीच्या लोकांनीं वर्षानुवर्षें सोसली. शहरी मनुष्य पापभीरु आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. पण तो निदान ‘स्वयंपूर्ण’ म्हणून मिरवीत तरी नाहीं. तो पाणीपट्टी भरतो आणि गप्प बसतो.

आतां खरा मुद्दा. पाणी, वीज, चूल यांविषयीं हीं मंडळी तासन् तास बोलतात; ‘तुमच्या शौचकूपाचा खड्डा कोण उपसतो?’ एवढें विचारलें कीं संभाषण एकदम पावसापाण्याकडे वळतें. आमच्या मतें स्वावलंबनाची कसोटी छपरावर नसून घराच्या मागें, जमिनीखालीं आहे. बहुतेक घरांस एकच बंद टाकी असते. ती दोन-तीन वर्षांत गाळानें भरते. तालुक्याच्या गांवाहून उपसण्याची गाडी यावयाची, तर घाटांतली वाट अरुंद. नळी पोंचत नाहीं. मग कोणी ‘माणूस’ आणवितो. तो माणूस कोणत्या वस्तींतला असतो, हें महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको. 2013 च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून माणसास अशा टाकींत उतरविणें गुन्हा ठरविलें; मेलेल्यांच्या वारसांस 10 लक्ष रुपये द्यावेत असें सर्वोच्च न्यायालयानें 2014 सालीं सांगितलें, आणि 2023 सालीं ती रक्कम 30 लक्ष केली. रक्कम वाढवावी लागली, यांतच सर्व आलें. शहराच्या गटारांतून पळून आलेल्या गृहस्थानें तेंच गटार आपल्या आंब्याखालीं पुरावें आणि त्यांत तोच माणूस उतरवावा, यास स्वयंपूर्णता म्हणावयाचें असेल तर मराठी भाषेंत ‘परावलंबन’ हा शब्द ठेवण्याचें प्रयोजन काय?

शिवाय कोंकणांतला जांभा सच्छिद्र. खड्ड्यांतलें पाणी त्यांतून वेगानें झिरपतें आणि उतारावरच्या विहिरीस जाऊन मिळतें. ती विहीर बहुधा आपली नसते. खालच्या वाडीची असते.

उपाय ठाऊक नाहींत अशांतलाहि भाग नाहीं. अप्पासाहेब पटवर्धनांनीं 1932 सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत भंगीकाम करूं द्यावें म्हणून उपोषण आरंभिलें. पुढें कणकवलीस गोपुरींत बसून मैल्याचें खत करणारा संडास त्यांनीं सिद्ध केला, तोच ‘गोपुरी संडास’. देहूस डॉक्टर मापुसकर यांनीं संडासास जोडलेल्या गॅससंयंत्रांवर आयुष्य वेंचलें. त्यांस पद्मश्री मिळाली ती 2017 सालीं, मरणोत्तर. दोन खड्ड्यांचा साधा शौचकूप तर कोणाहि गवंड्यास बांधतां येतो: एक खड्डा भरला कीं तो बंद करून दुसरा चालू करावयाचा, पहिला दीड-दोन वर्षें तसाच राहूं दिला कीं आंत दुर्गंधि नसलेली भुसभुशीत माती उरते, आणि ती मालकानें स्वतः फावड्यानें काढावयाची. यांत अडचण तंत्राची नाहीं, ‘स्वतः’ या शब्दाची आहे. म्हणूनच सौरपट्टीवर दोन लक्ष खर्चणारा गृहस्थ दुसऱ्या खड्ड्याच्या विटांसाठीं कां कूं करतो.

हें आम्ही कोणत्या तोंडानें सांगतों, तेंहि सांगून टाकतों. आमचेंहि असेंच एक लहानसें घर आहे. मोरीचें पाणी केळी आणि कर्दळीच्या आळ्यांत सोडलें, ओला कचरा कुजविला, आणि आपण फार मोठें कांहीं केलें अशा समजुतींत चार वर्षें काढलीं. टाकी एकच होती. ती तुंबली तेव्हां आम्हींहि माणूस शोधावयास निघालों. ज्याच्याकडे गेलों, तो वयानें आमच्याहून मोठा. त्यानें आमचें सर्व बोलणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, ‘साहेब, माझा पोरगा बँकेंत लागला आहे. आतां मी उतरत नाहीं. तुमचा पोरगा मोठा झाला असेल ना?’ त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. आम्ही उत्तर न देतां परतलों. गाडी मिळेपर्यंत घर बंद ठेवावें लागलें, आणि मग ती टाकी मोडून विहिरींपासून दूर, उताराच्या दुसऱ्या अंगास, दोन खड्डे काढले.

पहिला खड्डा भरून बंद केल्यास या मार्गशीर्षांत दोन वर्षें होतील. झांकण उघडावयास चिरंजीवांनीं सुटी काढली आहे. फावडीं दोन आणून ठेवलीं आहेत. मंडळींचें म्हणणें, खत आंब्यांस घालावें, भाजीस नको. तेंच ठरलें आहे.