दमेकऱ्याला उमगेल असा कागद

जगातील दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू एकट्या भारतात होतात, असा जागतिक रोगभार अभ्यासाचा अंदाज आहे. या दोन आकड्यांमधील दरीला निसर्गाचा कोप म्हणता येणार नाही. श्वासावाटे घ्यावयाची स्टेरॉइड औषधे १९७० च्या दशकापासून वापरात आहेत आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही त्यांना स्थान आहे. औषध आहे, परंतु ते केव्हा, किती आणि कशासाठी घ्यावयाचे हे ज्ञान रुग्णापर्यंत पोहोचत नाही.

दम्याचे स्वरूपच असे आहे की, ज्ञानावाचून औषध व्यर्थ ठरते. धाप थांबविणारा पंप काही मिनिटांत आराम देतो. श्वासनलिकांची सूज उतरविणारा पंप रोज घ्यावा लागतो आणि त्याचा गुण तत्काळ जाणवत नाही. रोजंदारीवरील मजूर ज्याने लगेच बरे वाटते तेवढेच विकत घेतो. त्यात ‘पंपाची सवय लागते’ हा समज आड येतोच. केवळ तात्पुरत्या आरामाच्या पंपावर विसंबणे धोक्याचे आहे, हे ओळखून दम्यासंबंधीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ मध्ये ती पद्धत सोडून दिली. परंतु त्या मजुराला हे कोणी सांगितले?

यासाठीच लेखी योजनेची कल्पना पुढे आली. रोजचे औषध कोणते, त्रास वाढू लागला तर काय करावे, आणि कोणत्या लक्षणांनंतर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे, हे तीन टप्प्यांत लिहून द्यावयाचे. रुग्णशिक्षण व नियमित तपासणी यांची जोड मिळाल्यास अशा योजनेने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटते, हे अभ्यासांनी दाखविले आहे.

परंतु कागद कोणाच्या भाषेत? ‘बी. डी.’, ‘एस. ओ. एस.’ अशी संक्षिप्त रूपे आणि फुंकून मोजण्याच्या यंत्रावरील ८० व ५० टक्क्यांच्या मर्यादा, ज्याच्या घरी ते यंत्र नाही त्याला काय सांगणार? हिरवा, पिवळा व लाल हे तीन रंग झेरॉक्समध्ये एकसारखे काळे होतात. ‘निळा पंप घ्या’ ही सूचनाही अपुरी आहे, कारण सर्व कंपन्यांचे रंग एकसारखे असतीलच असे नाही. याउलट, ‘रात्री खोकल्याने जाग आली’, ‘जिना चढताना थांबावे लागले’, ‘एका दमात वाक्य पुरे होत नाही’ ही मोजमापे प्रत्येकाजवळ आहेत. दमा, धाप, घरघर हे शब्द मराठीत कोणा समितीला घडवावे लागले नाहीत.

डॉक्टरांना वेळ नाही, असा आक्षेप घेतला जातो. बाह्यरुग्ण विभागाची गर्दी पाहता तो खोटा नाही. मात्र समजावून देण्याचे काम परिचारिका व आशा कार्यकर्त्या करू शकतात, अर्थात त्यांना प्रशिक्षण व त्या कामाचा मोबदला मिळाला पाहिजे. ‘समजले का?’ असे विचारल्यावर रुग्ण भिडेने मान डोलावतो. ‘रात्री धाप लागली तर काय कराल, ते सांगा’ असे विचारले तरच खरे काय ते कळते.

वैद्यकीय सेवेच्या बाजारात विक्रेत्याजवळ ज्ञान असते आणि ग्राहकाजवळ नसते, ही विषमता अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिली होती. ज्याच्याजवळ पैसा आहे तो डॉक्टरांचा वेळ विकत घेऊन ही विषमता कमी करतो; गरिबाची ती तशीच राहते. म्हणूनच असा कागद औषध कंपन्यांच्या जाहिरात खात्याने छापू नये. औषधांची मूळ नावे वापरावीत हा हाथी समितीचा १९७५ चा आग्रह येथे विशेष लागू पडतो.

महाराष्ट्र शासनाने प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात व पालिका दवाखान्यात एक पानी, ठळक अक्षरांतील, चित्रांसह योजना मराठीत, आणि आदिवासी भागांत तेथील बोलींत, द्यावी. तिचा मसुदा छापण्यापूर्वी दमेकऱ्यांकडून वाचून घ्यावा. मात्र तिच्यात लिहिलेले दोन्ही पंप त्याच खिडकीवर विनामूल्य मिळाले पाहिजेत. औषधाविना कागद ही थट्टा ठरेल आणि समजुतीविना औषध हा अपव्यय. आपल्या श्वासाचा कारभार आपल्याला कळावा, हा रुग्णाचा अधिकार आहे. त्याकडे उपकार म्हणून पाहण्याची वृत्ती सोडली पाहिजे.