वजनाचा काटा आणि विम्याचा काटा

पन्नाशी उलटलेल्या माणसाने वजन उतरविण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया करवून घेण्याचा विचार घरात नुसता बोलून दाखविला, तरी मध्यमवर्गीय कुटुंबात कसे वादळ उठते याची कल्पना कोणालाही करता येईल. ‘जिभेला आवर घालता येत नाही म्हणून आता पोटच कापायचे का?’ हा पहिला प्रश्न. ‘मुलीचे लग्न आणि घराचे हप्ते समोर असताना या वयात हा खर्च कशासाठी?’ हा दुसरा. आणि ‘लोक काय म्हणतील?’ हा कोणीही उघड न विचारलेला तिसरा. गुडघा बदलणाऱ्याला किंवा हृदयाची बायपास करवून घेणाऱ्याला असले प्रश्न कोणी विचारीत नाही. त्याच्या भेटीला लोक शहाळी घेऊन जातात. वजनासाठी शस्त्रक्रिया करविणारा मात्र ती हर्नियाची होती असे सांगून वेळ मारून नेतो. या लपवाछपवीच्या मुळाशी एक नैतिक निवाडा आहे. स्थूलता हा आजार नसून तो दोष आहे, हा तो निवाडा होय. खेदाची गोष्ट अशी की, हाच निवाडा वेगळ्या भाषेत आपल्या आरोग्यविम्याच्या नियमांतही उतरलेला आहे.

इच्छाशक्तीची मर्यादा

आहार आणि व्यायाम यांचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. वजन वाढू न देण्याच्या कामी त्यांच्याइतके स्वस्त आणि निर्धोक साधन दुसरे नाही. परंतु एकदा वाढलेले आणि वर्षानुवर्षे टिकलेले वजन केवळ निर्धाराच्या बळावर कायमचे उतरते काय, हा प्रश्न निराळा आहे. अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी स्पर्धेत कडक आहार व व्यायामाने प्रचंड वजन उतरविलेल्या १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी करण्यात आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले की, बहुतेकांचे वजन बऱ्याच अंशी परत आले होते. आणि त्यांचे शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमीच खर्च करीत होते. म्हणजे दुष्काळ पडला आहे असे समजून शरीर काटकसर करू लागते, भूक वाढविते आणि गेलेली चरबी पुन्हा साठवून ठेवते. याला आळस म्हणणे हे शरीरशास्त्राचे अज्ञान आहे.

शस्त्रक्रियेचे वैशिष्ट्य नेमके येथे आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराच्या बायपासची पद्धत सुरू केली, तेव्हा पोटातील जागा कमी केली की खाणे कमी होईल, असा सरळ हिशेब होता. पुढे लक्षात आले की, केवळ जागा कमी होऊन भागत नाही. भूक व रक्तातील साखर यांचे नियमन करणाऱ्या आतड्यांतील संप्रेरकांची घडीच बदलते. आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढून टाकतात व केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. काढलेल्या भागाबरोबर भूक चेतविणाऱ्या संप्रेरकाचे मुख्य उगमस्थानही जाते. अनेक रुग्णांची रक्तशर्करा फारसे वजन उतरण्यापूर्वीच खाली येते, याचे कारण हेच.

पन्नाशीचे गणित

आता खर्च आणि लाभ यांचा ताळेबंद मांडू. शस्त्रक्रियेतील मृत्यूची धास्ती सर्वांना असते. अमेरिकेत ४,७७६ रुग्णांवर लक्ष ठेवून केलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पहिल्या तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ०.३ टक्के होते. पोटाची कोणतीही मोठी शस्त्रक्रिया इतपत धोका पत्करूनच केली जाते. लाभाच्या बाजूला स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यास आहे. १९८७ साली सुरू झालेल्या या अभ्यासात ३७ ते ६० वयाचे सुमारे दोन हजार शस्त्रक्रिया झालेले आणि तितकेच न झालेले रुग्ण होते. २०२० सालच्या निष्कर्षानुसार, शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान न झालेल्या स्थूल रुग्णांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी अधिक भरले. मात्र सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा ते अद्यापि साडेपाच वर्षांनी कमीच होते. हे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि त्यातील बहुतेक शस्त्रक्रिया आता मागे पडलेल्या पद्धतींच्या होत्या, हे ध्यानात ठेवूनही दोन गोष्टी स्पष्ट होतात. लाभ खरा आहे. आणि तो चमत्कार नव्हे.

उतारवयाकडे झुकलेल्या माणसासाठी या ताळेबंदात आणखी काही नोंदी कराव्या लागतात. वजनाबरोबर स्नायूही झडतात आणि या वयात गेलेला स्नायू सहजी परत येत नाही. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे मुळातच ठिसूळ होऊ लागलेली असतात. शस्त्रक्रियेने त्यात भर पडू शकते. लोह, कॅल्शियम, ‘ड’ आणि ‘बी-१२’ जीवनसत्त्वे यांच्या गोळ्या व रक्ततपासण्या जन्मभर चालू ठेवाव्या लागतात. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावयास हवीत. वरण-भात, पोळी-भाजी आणि वाटीभर ताक एवढ्यावर, तेही जठर लहान झाल्यावर, हा आकडा गाठणे शाकाहारी घरात सोपे नाही. काही रुग्णांत मद्याची बाधा अधिक वेगाने होते. काहींचे वजन काही वर्षांनी पुन्हा चढू लागते. शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, पण पथ्य आयुष्याचे असते.

तथापि सर्वांत महत्त्वाची नोंद काळाची आहे. मधुमेह जितका जुना, इन्सुलिन जितकी वर्षे चालू, तितकी तो शस्त्रक्रियेने मागे हटण्याची शक्यता कमी. इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी एकदा थकल्या की जठर लहान करून त्या ताज्यातवान्या होत नाहीत. म्हणजे येथे विलंबाला किंमत आहे, आणि ती दरवर्षी वाढत जाते. त्यातच आपल्या राज्यात शाळाशिक्षक व बहुतेक शासकीय कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. खासगी नोकरीतील समूहविम्याचे छत्र नोकरीबरोबरच संपते. पन्नाशीत नव्याने विमा घेणाऱ्याला आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. २०२४ पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती. पन्नास ते अठ्ठावन्न हीच काय ती निर्णयाची वर्षे उरतात.

कोणाच्या देहाचे माप?

आणि या वर्षांतच नियम आडवा येतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली आरोग्यविम्यातील अपवाद एकसारखे केले. त्यानुसार स्थूलतेवरील शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक, ४० किंवा त्याहून अधिक असावा लागतो. अथवा ३५ असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र विकार किंवा नियंत्रणाबाहेर गेलेला मधुमेह असावा लागतो. ३५ आणि ४० हे आकडे कोठून आले? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ साली बोलाविलेल्या तज्ज्ञपरिषदेने ते ठरविले होते. अमेरिकी देहाच्या मापाने बेतलेला हा अंगरखा आपण तीन दशकांनंतरही भारतीय देहाला घालीत आहोत.

तो बसत नाही, हे सांगण्यासाठी परदेशी जाण्याचेही कारण नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसावयास सडपातळ असूनही आतून मेदयुक्त असतो आणि त्यामुळे कमी वजनावरच त्याला मधुमेह गाठतो, हा याज्ञिकांच्या संशोधनाचा निष्कर्ष आज जगन्मान्य आहे. म्हणूनच शल्यचिकित्सकांच्या अमेरिकी व आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ साली जुने निकष बदलताना मधुमेहींसाठी ३० ची पातळी सुचविली, आशियाई लोकांना २७.५ च्या पुढेच शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा असे म्हटले, आणि केवळ वयाच्या आकड्यावरून कोणाला नाकारू नये असेही स्पष्ट केले.

समजा, पाच फूट तीन इंच म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या, चोपन्न वर्षांच्या शिक्षिकेचे वजन ८४ किलो आहे. दहा वर्षांचा मधुमेह, दुखरे गुडघे, वर्गात तासभर उभे राहणे अशक्य. तिचा निर्देशांक ३२.८ भरतो. वैद्यकशास्त्र सांगते, ही पात्र आहे. विमा सांगतो, नाही. पात्र होण्यासाठी तिचे वजन ८९.६ किलो व्हावयास हवे. म्हणजे तिने आणखी साडेपाच किलोंहून अधिक वजन वाढवून यावे! तेवढ्यानेही भागत नाही. तीन-तीन गोळ्या आणि इन्सुलिन नियमाने घेऊन तिने साखर आटोक्यात ठेवली असेल, तर मधुमेह ‘नियंत्रणाबाहेर’ नाही म्हणून ती पुन्हा अपात्र. पथ्य पाळणाऱ्याला दंड आणि आजार बळावू देणाऱ्याला बक्षीस, असा हा उफराटा नियम आहे. काही लाखांचा खर्च पदरचा करणे जिला शक्य आहे तिला विम्याची गरज नाही. जिला गरज आहे तिने रोग वाढण्याची वाट पाहावयाची.

आक्षेप आणि उत्तर

निकष सैल केले तर सर्वांचेच हप्ते वाढतील, हा विमा कंपन्यांचा आक्षेप बिनबुडाचा नाही. परंतु वेळीच शस्त्रक्रिया नाकारल्याने खर्च टळत नाही, तो पुढे ढकलला जातो. मूत्रपिंडे निकामी झाल्यावरचे डायलिसिस आणि हृदयाच्या वाहिन्यांत बसवावयाचे स्टेंट याच विम्यातून किंवा सरकारी तिजोरीतून भरावे लागतात. दुसरा आक्षेप बाजाराचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. विम्याचे पैसे मिळू लागताच गरज नसलेल्यांनाही शस्त्रक्रियेच्या मेजावर चढविणारी दुकाने उघडतील, ही भीती खोटी नाही. त्यावर उपाय निकष कालबाह्य ठेवणे हा नव्हे. प्रत्येक रुग्णालयाने आपल्या रुग्णांची पाच वर्षांनंतरची स्थिती जाहीर करावी, शल्यचिकित्सकाखेरीज अन्य वैद्याचा व आहारतज्ज्ञाचा अभिप्राय सक्तीचा असावा, आणि पुढील तपासण्या व औषधे यांचा खर्चही विम्यात यावा, हे ते उपाय होत.

तिसरा आक्षेप नव्या औषधांचा. २०२५ साली वजन उतरविणारी साप्ताहिक इंजेक्शने भारताच्या बाजारात आली आणि आता चाकूची गरजच काय, असे म्हटले जाऊ लागले. त्यांचा गुण निर्विवाद आहे. परंतु यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत असे आढळले की, ते थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने ही इंजेक्शने किती वर्षे परवडवावयाची? कोणाला औषध योग्य आणि कोणाला शस्त्रक्रिया, हे रुग्ण आणि वैद्य यांनी ठरवावे; विम्याच्या जुन्या तक्त्याने नव्हे.

ज्या देशात २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आहे, तेथे स्थूलांची चिंता कशाला, असेही कोणी विचारील. पण त्याच पाहणीत २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजनी आढळले. आणि गर्भातील कुपोषणच पुढे मधुमेहाची वाट मोकळी करते, हे पुण्यानेच जगाला दाखविले आहे. उपाशी बालक आणि स्थूल प्रौढ हे पुष्कळदा एकाच आयुष्याचे दोन टप्पे असतात.

शस्त्रक्रिया सर्वांनी करावी असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पन्नाशीतल्या अनेकांनी ती न करणेच हिताचे ठरेल. परंतु नकार द्यावयाचा तर तो त्या माणसाची हाडे, स्नायू, हृदय आणि मनाची तयारी तपासून द्यावा. परक्या देहावर बेतलेला आकडा पुढे करून, आणि आणखी थोडे आजारी होऊन या असे सुचवून, तो देऊ नये. नियामकाने २०१९ चा तो अपवाद आता भारतीय निकषांवर नव्याने लिहावयास हवा. आणि भेटीला जाणाऱ्यांनी या रुग्णासाठीही शहाळे न्यावयास हरकत नाही.