दीपगृहाचा कोन मोजायचा कुठून?



दहावीच्या भूमितीत महत्त्वमापनाच्या प्रकरणात वर्तुळपाकळी येते. त्रिज्या दिलेली, कोन दिलेला, क्षेत्रफळ काढा. ही पाकळी पुस्तकाबाहेर कुठे दिसते असं एखाद्या मुलाने विचारलं, तर आपण पिझ्झाचा तुकडा दाखवून मोकळे होतो. माझं मत असं, की पिझ्झा जरा बाजूला ठेवावा आणि मुलांना सागरी नकाशावरचं दीपगृह दाखवावं. तिथे पाकळी चुकीच्या बाजूला पडली तर जहाज वाळूत रुतू शकतं, हे मुलांना लगेच कळतं.

दीपगृह म्हणजे चारी बाजूंना सारखाच उजेड टाकणारा दिवा, अशी आपली समजूत असते. पुष्कळ दीपगृहांचं तसं नसतं. दिव्यासमोर रंगीत काचा बसवून समुद्राचे भाग पाडलेले असतात. एका ठरावीक कोनातून दिवा पांढरा दिसतो, शेजारच्या कोनातून लाल, आणखी पलीकडून हिरवा. रात्रीच्या अंधारात खलाशाला खडक दिसत नाहीत, पण दिव्याचा रंग बदलला एवढं दिसतं, आणि तो समजतो की आपण वाट सोडली.

एक खरं उदाहरण घेऊ. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, पोर्टलंड बिल नावाचं टोक आहे. तिथल्या दीपगृहाचा मुख्य पांढरा दिवा लुकलुकता आहे. त्याच बुरुजावर, खालच्या अंगाला, एक स्थिर लाल दिवा आहे. हा लाल दिवा फक्त २० अंशांच्या पट्ट्यात दिसतो, कारण त्या पट्ट्यात शॅम्बल्स नावाचा वाळूचा दांडा पाण्याखाली दबा धरून बसलाय. १८०५ च्या फेब्रुवारीत ईस्ट इंडिया कंपनीचं ‘अर्ल ऑफ अ‍ॅबरगवेनी’ हे जहाज याच दांड्यावर आपटलं आणि पुढे बुडालं. ते बंगाल आणि चीनकडे निघालं होतं. अडीचशेहून अधिक माणसं गेली. कप्तान होता जॉन वर्ड्‌स्वर्थ, कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थचा भाऊ. (लाल दिवा असता तर जहाज वाचलं असतं, असं मात्र मुलांना सांगू नका. ते दिवसाउजेडी आपटलं होतं.)

आता या लाल पट्ट्याची नोंद बघा: २७१ अंश ते २९१ अंश. उत्तर म्हणजे शून्य, तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायचं. पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. मग २७१ ते २९१ म्हणजे पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला झुकलेला पट्टा. कोनमापक दीपगृहावर ठेवून वर्गातली बहुतेक मुलं पाकळी पश्चिमेला काढतील.

आणि शॅम्बल्स आहे पूर्वेला!

नोंद बरोबरच आहे. हे कोन दीपगृहाकडून समुद्राकडे मोजलेले नसतात, समुद्रावरून दिव्याकडे बघत मोजलेले असतात. जगभरच्या दिव्यांच्या याद्यांमध्ये हीच रीत आहे, आणि ती शहाणपणाची आहे. कारण होकायंत्र घेऊन उभा असतो तो जहाजावरचा माणूस. त्याला दिवा कुठल्या दिशेला दिसतो तेच त्याच्या उपयोगाचं. (होकायंत्राच्या उत्तरेत आणि खऱ्या उत्तरेत थोडा फरक असतो, यादीतले कोन खऱ्या उत्तरेपासूनचे असतात. तो धडा वेगळा.) दिवा २८१ अंशावर दिसतोय, म्हणजे मी दिव्यापासून बरोबर उलट दिशेला, १०१ अंशावर आहे. तेव्हा पाकळी काढायची ९१ ते १११ अंशांत. पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे. आता ती दांड्यावर पडते.

हेच काम आता क्यूजीआयएससारख्या मोफत नकाशा सॉफ्टवेअरमध्ये करता येतं. त्यात ‘वेज बफर’ नावाचं फलन आहे. त्याला केंद्रबिंदू, पाकळीच्या मध्याची दिशा, रुंदी आणि त्रिज्या सांगितली की पाकळी तयार. मध्य २८१ दिला तरी तयार, १०१ दिला तरी तयार. दोन्ही पाकळ्या तितक्याच रेखीव, तितक्याच लालभडक. हाताने काढताना मुलगा निदान एकदा थबकतो, ‘सर, पण दांडा तर इकडे आहे ना?’ असं विचारतो. पडद्यावर तयार पाकळी आली की ती शंका बहुधा मनातच येत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की पहिल्या दोन पाकळ्या कंपासपेटी घेऊन कागदावर, मगच माउस हातात.

गणित शिकवणाऱ्यांना यात आणखी एक गंमत सापडेल. समजा एखादा पट्टा ३४० ते २० अंश असा आहे. मध्य काढायला मुलं सरासरी घेतात: ३४० अधिक २०, भागिले २, उत्तर १८०. पण खरा मध्य आहे शून्य, थेट उत्तर! रुंदीही २० वजा ३४०, म्हणजे उणे ३२० येते, खरी आहे ४०. सरासरीचं सूत्र चुकलेलं नाही, ते गोल फिरणाऱ्या मापाला लावणं चुकलं. घड्याळातला रात्रीचा ११ आणि १ यांचा मध्य काढायला सांगा, लगेच डोक्यात शिरतं.

त्रिज्येचंही थोडं सांगतो. वेबवरचे नेहमीचे नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात. त्यांत कोन शाबूत राहतो, लांबी फसवते. पोर्टलंड बिल साधारण ५०.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे त्या नकाशाच्या मापाने १० किलोमीटरची पाकळी काढली तर ती प्रत्यक्षात सुमारे ६.४ किलोमीटरचीच भरते. त्यामुळे त्या भागासाठीचं, मीटरमध्ये मोजणारं प्रक्षेपण निवडायचं आणि मग एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर धरायचा.

‘अभ्यासक्रमातच वेळ पुरत नाही, हे कुठे बसवू?’ असं तुम्ही म्हणाल. तक्रार खरी आहे. पण वर्तुळपाकळीचा एक तास तर आहेच, त्यातलं एक उदाहरण बदलायचं आहे, इतकंच. भूगोलाच्या बाईंना सोबत घेतलंत तर दिशांचाही सराव होईल. एका अंशाने काय बिघडतं, असं विचारणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. त्याला सहा सागरी मैलांवर एका अंशाचं अंतर काढू द्या. सुमारे १९४ मीटर येतं.

एक सूचना मात्र कळकळीची. ओपनस्ट्रीटमॅपवर दिव्यांच्या पट्ट्यांचे कोन कुणालाही भरता येतात, आणि ओपनसीमॅपवर ते सगळ्यांना दिसतात. तिथेही रीत तीच, समुद्रावरून मोजलेले कोन. कुणी उत्साहाने ते ‘दुरुस्त’ केले तर दिव्याची पाकळी उलटी फिरेल. सराव आपल्या संगणकावरच्या फाइलमध्येच करा.

आणि पुढच्या तासाला सुरुवात कागदाशिवाय करून बघा. एका मुलाला वर्गाच्या मधोमध दिवा म्हणून उभं करा, चार जणांना चार कोपऱ्यांत जहाजं करा. प्रत्येकाने दिवा कुठल्या दिशेला दिसतो ते मोठ्याने सांगायचं, आणि मधल्याने ते जहाज आपल्या कुठल्या बाजूला आहे ते सांगायचं.